मरुभूमींतील घर आणि शीतयंत्र

मरुभूमि म्हटली कीं वाळूच्या टेकड्या, उंटांचे तांडे आणि मृगजळ एवढेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु आज लक्षावधि माणसें मरुभूमींत पक्क्या घरांत राहतात, कचेऱ्यांत जातात आणि रात्रीं दारें-खिडक्या लावून निजतात. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यांतील फीनिक्स हें शहर याचें ठळक उदाहरण होय. 1950 सालीं या शहराची वस्ती सुमारें 1 लक्ष 7 हजार होती. 2020 च्या शिरगणतींत ती 16 लक्षांवर गेली. या वाढीला ज्या साधनांनीं हातभार लावला, त्यांत घरोघरच्या शीतयंत्राचा वाटा मोठा आहे. 2023 सालीं 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत, सलग 31 दिवस, तेथील पारा दररोज 43 अंश सेंटिग्रेडच्या वर चढला, आणि त्यांतील कित्येक रात्रीं तो 32 अंशांखालीं उतरलाच नाहीं. अशा ठिकाणीं शीतयंत्र ही चैन राहत नाहीं. अन्नपाण्याइतकीच ती निकडीची वस्तु होते. म्हणूनच त्याचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाहीं.

शीतयंत्र थंडी निर्माण करतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तें घरांतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें, इतकेंच. विहिरींतून मोटेनें पाणी उपसावें तसा हा प्रकार आहे. विहीर जितकी खोल, तितके बैलांना कष्ट अधिक; त्याचप्रमाणें बाहेरचें ऊन जितकें कडक, तितकी यंत्राला वीज अधिक लागते आणि त्याची उपसण्याची शक्तिही कमी पडते. शिवाय विहिरीला झरे असावेत तशी भिंतींतून, छपरांतून आणि कांचेंतून उष्णता एकसारखी आंत पाझरत असते. झरे मोकळे ठेवून नुसती मोट मोठी करीत जाणें हें जसें शहाणपणाचें नव्हे, तसेंच उघड्या उन्हांतील घरांत मोठें यंत्र बसवून निश्चिंत होणेंही नव्हे.

यंत्राची निवड करतांनाच हें ध्यानांत घ्यावयास हवें. बाजारांतील साध्या यंत्रांची शक्ति बाहेर 35 अंश तपमान धरून मोजलेली असते. अतिउष्ण प्रदेशांसाठीं 46 अंशांची निराळी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे. पहिल्या कसोटीस उतरलेलें यंत्र मरुभूमींत नेलें, तर ज्या दुपारीं त्याची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दुपारीं तें थकतें.

मरुभूमीच्या कोरड्या हवेंत दुसरा एक स्वस्त उपाय चांगला चालतो, तो म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाचा. आपल्याकडील वाळ्याचे ओले पडदे आणि त्यांचाच यांत्रिक अवतार असलेला कूलर विदर्भांतील घरोघरीं परिचित आहे. अ‍ॅरिझोनांतही 1930 नंतरच्या दशकांत लांकडाच्या भुशाळ सालपटांच्या गाद्या भिजवून, त्यांतून पंख्यानें हवा ओढणारीं यंत्रें लोकप्रिय झालीं. बाहेर 42 अंश उष्णता आणि अवघी 15 टक्के आर्द्रता असतां चांगला कूलर सुमारें 26 अंशांची हवा देऊं शकतो. परंतु जूनच्या मध्यानंतर तेथेंही एक प्रकारचा मोसमी वारा सुरू होतो. आर्द्रता 30 टक्क्यांवर गेली, तर बाहेर 40 अंश असतांही कूलरची हवा सुमारें 29 अंशांची आणि दमट लागते. त्यामुळें कित्येक घरांत दोन्ही साधनें ठेवून ऋतुमानाप्रमाणें तीं वापरण्याची चाल आहे. मात्र दोन्ही एकाच वेळीं लावूं नयेत. कूलरला खिडकी उघडी लागते, शीतयंत्राला ती बंद लागते. शिवाय कूलरनें घातलेलें बाष्प काढण्यांतच शीतयंत्राची बरीच शक्ति खर्ची पडते.

यंत्र नव्हतें त्या काळीं मरुभूमींतील माणूस घराकडूनच हें काम करवून घेत असे. जैसलमेरच्या हवेल्यांचे जाड दगडी भिंताड, अरुंद बोळ आणि जाळीदार गवाक्षें, इराणांतील यझ्द शहराचे वारा पकडणारे मनोरे, आणि अ‍ॅरिझोनांतील कच्च्या विटांचीं जाड भिंतींचीं घरें, या सर्वांत एकच विचार दिसतो: ऊन बाहेरच अडवावें आणि रात्रीचा गारवा भिंतींत सांठवावा. उन्हाळ्यांत फीनिक्सचे लोक पडवींत निजत, आणि कांहीं जण तर ओल्या चादरी पांघरीत. यंत्र आल्यावर हा विचार मागें पडला. पातळ भिंतींचीं, मोठ्या कांचांचीं, पडवी नसलेलीं घरें उभीं राहिलीं. घरानें आपलें काम सोडून तें सगळें यंत्रावर टाकलें.

तें काम पुन्हां घराकडे सोंपविणें अवघड नाहीं. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा, चटई किंवा जाळी लावावी. आंतल्या पडद्याला ऊन लागेपर्यंत उष्णता कांचेंतून घरांत शिरलेलीच असते. पहांटे बाहेरची हवा आंतल्यापेक्षां गार असेल, तेवढाच वेळ खिडक्या उघडाव्या आणि ऊन चढण्यापूर्वीं बंद कराव्या. मरुभूमींत धूळ फार. म्हणून यंत्राची गाळणी वरचेवर धुवावी आणि बाहेरच्या भागाभोंवतीं हवा मोकळी खेळूं द्यावी. ठराविक गतीनें चालणाऱ्या यंत्रावर 16 चा आंकडा लावला म्हणजे खोली लवकर थंड होते, हा समज खोटा आहे. तें केवळ अधिक वेळ चालत राहतें. एक अंश वर ठेवल्यास सुमारें 6 टक्के वीज वाचते, असें भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचें सांगणें आहे. छताचा पंखा जोडीला असेल, तर 26 अंशांतही स्वस्थ झोंप लागते.

हें सर्व काटकसरीचें झालें. यापेक्षां महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे: यंत्र बंद पडलें तर काय? फीनिक्स ज्या मॅरिकोपा परगण्यांत आहे, तेथें 2023 सालीं उष्णतेशीं संबंधित 645 मृत्यु नोंदले गेले. त्यांतील बरेच मृत्यु उघड्यावरचे असले, तरी घरांत दगावलेल्यांची संख्याही लहान नव्हती. आणि अशा बहुतेक घरांत यंत्र एक तर नव्हतें, किंवा असून तें नादुरुस्त अगर बंद होतें. 2018 सालीं फीनिक्सजवळच्या एका वस्तींत थोड्याशा थकबाकीसाठीं एका वृद्ध स्त्रीच्या घरची वीज तोडण्यांत आली, आणि ती घरांत मृतावस्थेंत सांपडली. ही गोष्ट उघडकीस आल्यावर 2019 सालीं राज्याच्या नियामक मंडळानें भर उन्हाळ्यांत थकबाकीसाठीं वीज तोडण्यास बंदी घातली. उष्णतेच्या देशांत वीज ही नुसती विकाऊ वस्तु नव्हे, हें एका जिवाच्या मोलानें कायद्याला उमगलें.

वृद्धांच्या बाबतींत धोका दुहेरी असतो. त्यांना घाम कमी येतो आणि तहानही उशिरां लागते; त्यामुळें संकट जवळ आल्याची जाणीवच होत नाहीं. खोलींतील हवा त्वचेहून, म्हणजे सुमारें 35 अंशांहून, अधिक तापली म्हणजे नुसता पंखा उष्ण झोतच अंगावर सोडतो. अशा वेळीं अंगावर ओलें फडकें घ्यावें, वरचेवर पाणी प्यावें आणि शक्य तितक्या लवकर गार जागीं जावें. ती जागा कोणती, मग तें शेजाऱ्याचें घर असो, ग्रंथालय असो कीं नगरपालिकेचें निवारागृह, हें यंत्र बिघडण्यापूर्वींच ठरलेलें असावें. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या दारीं उन्हाळ्यांत दिवसांतून एकदां कोणीतरी हांक मारणें, हें कोणत्याही यंत्राला न जमणारें काम आहे.

शेवटीं, उपसलेली उष्णता कोठें जाते, हेंही विसरतां येत नाहीं. ती रस्त्यावर जाते. फीनिक्समधील शीतयंत्रांनीं बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळें कांहीं भागांत रात्रीचें तपमान एक अंशाहून अधिक वाढतें, असें अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं 2014 सालीं दाखवून दिलें. ज्याच्या घरीं यंत्र नाहीं, त्याच्या वांट्याला ही वाढीव उष्णता येते. म्हणून यंत्र जरूर चालवावें. मरुभूमींत त्यावांचून गत्यंतर नाहीं. पण आधीं सावलीला, भिंतीला आणि पहांटेच्या वाऱ्याला त्यांचें काम करूं द्यावें, आणि उरलेलें तेवढेंच यंत्राकडे द्यावें. ज्या घरानें एवढें केलें असेल, त्या घरांत वीज गेली तरी माणसांना सावध होण्यास आणि बाहेर पडण्यास कांहीं घटका मिळतात. आणि मरुभूमींत तेवढ्या घटकांवर पुष्कळदां प्राण अवलंबून असतो.