अराज्यवादाचा शास्त्रीय पाया



अराज्यवाद म्हणजे अंदाधुंदी, हा समज आपण आधी सोडू. रशियाचे प्योत्र क्रोपोटकिन १८६० च्या दशकात सैबेरियात भूगोलाचे संशोधन करीत हिंडले. तेथे हिमवादळांनी जनावरे मरत. एकाच जातीतली आपसांतली झुंज मात्र त्यांना फारशी दिसेना. कळप करून राहणारे टिकत होते. १८८८ साली इंग्लंडात हक्स्ले यांनी प्राणिसृष्टी म्हणजे झुंजीचा आखाडा असे मांडले. क्रोपोटकिन यांनी लेखमालेतून उत्तर दिले. १९०२ साली त्याचेच 'म्युच्युअल एड' हे पुस्तक झाले. दुबळ्याने मरावे हा निसर्गनियम, असे ज्यांना ऐकवले जाते त्यांना हे उत्तर मोलाचे आहे. पण परस्परसाहाय्य नैसर्गिक, म्हणून सरकारच नको, ही उडी आम्हाला लांब वाटते. आपल्याकडे गावकीतही सहकार्य होतेच की! ते कित्येकांना वेशीबाहेर ठेवून चाले, आणि त्यांना कायद्याचाच आधार घ्यावा लागला.