चुंबक, धातू आणि ‘स्मृती’ हा शब्द



मला आज एका संज्ञेबद्दल बोलायचे आहे : ‘चुंबकीय आकारस्मृती मिश्रधातू’. हिच्यातला प्रत्येक शब्द आपल्याला कळतो, आणि तरीही संज्ञा चकवते.

नेहमीचे उदाहरण निकेल, मँगनीज आणि गॅलियम यांच्या मिश्रधातूचे. निकेलचे दोन अणू, बाकीच्यांचा एकेक. उष्ण असताना त्याची स्फटिकरचना घनाकार असते. सुमारे २०२ केल्विनच्या, म्हणजे उणे ७१ अंश सेल्सिअसच्या खाली ती एका दिशेने आखडते. हे अवस्थांतर. बर्फ वितळताना रेणू जागा सोडतात. इथे अणू शेजारी सोडत नाहीत, रांगच्या रांग थोडी कलते. म्हणून थंडीत वाकवलेला तुकडा तापवला की अणू मूळ जागी परततात. या परतण्याला ‘स्मृती’ म्हणणे शोभते.

रचना आखडते का? याचे एक महत्त्वाचे कारण इलेक्ट्रॉनांत आहे. घनाकार रचनेत निकेलच्या काही इलेक्ट्रॉनांच्या सारख्या ऊर्जेच्या पातळ्या, भरलेल्या पातळ्यांच्या अगदी काठाशी दाटी करतात. रचना आखडली की त्या दुभंगतात, इलेक्ट्रॉन खालच्या पातळीत बसतात आणि ऊर्जा घटते. थोडे मँगनीज काढून निकेल घातले, तर दर अणूमागे इलेक्ट्रॉन वाढतात आणि अवस्थांतराचे तापमान चढते. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या इंदूरमधील संशोधन केंद्रात या इलेक्ट्रॉनरचनेवर काम झाले आहे.

आता चुंबक. थंड अवस्थेतल्या स्फटिकात जुळे पट्टे असतात. एकात आखूड बाजू उभी, तर शेजारच्यात आडवी. चुंबकत्वाला आखूड बाजूची दिशा मानवते. बाहेरून क्षेत्र लावले की सोयीचे पट्टे शेजाऱ्यांची जागा घेत रुंदावतात आणि धातूची लांबी बदलते. १९९६ साली असा ०.२ टक्के बदल प्रसिद्ध झाला. पुढे तो ६ आणि मग जवळपास १० टक्क्यांवर गेला. ६ टक्के म्हणजे १० सेंटिमीटरच्या कांडीत ६ मिलिमीटर.

पण इथे अवस्थांतर झालेलेच नाही. अवस्था तीच, फक्त पट्टे सरकले. क्षेत्र काढल्यावर कांडी सहसा आपोआप पूर्ववत होत नाही. क्षेत्र काटकोनात फिरवावे लागते किंवा स्प्रिंगने दाबावे लागते. मग स्मृती कुठली? उलट निकेल, मँगनीज आणि इंडियम यांच्या काही मिश्रधातूंत क्षेत्रामुळे खरोखरच अवस्थांतर घडते. दोन्ही घटना आपण एकाच नावाखाली शिकवतो.

‘चुंबक लावल्यावर धातूला आकार आठवतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण निकेल-मँगनीज-गॅलियमच्या कांडीबाबत खोटे आहे. विद्यार्थी ते लिहितो, कारण त्याच्याकडे दुसरे क्रियापद नाही. मी सुचवतो : पहिल्या घटनेला ‘पट्टेसरक’ म्हणावे, दुसरीला ‘चुंबकप्रेरित अवस्थांतर’. यापेक्षा चांगले शब्द सुचले तर ते घ्यावेत. पण शब्द दोन हवेत, कारण घटना दोन आहेत. परिभाषा ठरवणाऱ्यांनी इंग्रजी नावापुढे मराठी नाव मांडण्याआधी एवढे विचारावे : इथे नेमके काय हलते, आणि काय परत येते?