टपालाने येणारी लोकर



कस्तुरी बैल हे नाव फसवं आहे. त्याच्यापाशी कस्तुरी नाही आणि तो बैलही नाही. त्याचं नातं शेळ्यामेंढ्यांशी. अलास्कातले मूळ रहिवासी त्याला ऊमिंगमाक म्हणतात, म्हणजे दाढीवाला. लांडगे आले की सगळा कळप पिल्लांना मधे घेऊन, शिंगं बाहेर रोखून गोल उभा राहतो. लांडग्यांपुढे ही युक्ती चालली, बंदुकीपुढे मात्र तीच अंगाशी आली. अलास्कात एकही जनावर उरलं नाही. मग १९३०मध्ये ग्रीनलंडहून ३४ आणली आणि पुढे नुनिवाक बेटावर त्यांचा वंश वाढला.

त्याच्या राठ केसांखाली मऊ लव असते, किविउत. वसंतात ती सुटू लागते, तेव्हा पाळलेल्या जनावराच्या अंगावरून ती विंचरून घ्यायची. पश्मिन्यासारखी तलम, आणि धुतल्यावर आटत नाही. जॉन टील नावाच्या गृहस्थांनी १९५४मध्ये हे जनावर माणसाळवायला घेतलं, ते याच लोकरीसाठी.

पण मला सांगायचंय ते टपालाबद्दल. अलास्कातल्या दूरच्या गावांना रस्ते नाहीत. लहान विमानं टपाल आणतात. १९६९मध्ये ही लोकर विणणाऱ्या बायांची ऊमिंगमाक ही सहकारी संस्था उभी राहिली, ती याच टपालाच्या भरवशावर. सहकार आपल्याला नवा नाही. या संस्थेत सभासदाची वर्गणी मात्र वर्षाला फक्त दोन डॉलर. अलास्कातल्या अँकरेज शहरातून किविउतचं सूत गावी जातं, सोबत चौकटींच्या कागदावर मांडलेला नमुना. भाषा कुठलीही असो, चौकटी मोजता आल्या की झालं. विणलेला गळपट्टा टपालानेच परत येतो, विणकामाचे पैसे लगेच मिळतात, वर्षअखेरीस नफ्यातला वाटाही.

नमुनाही ज्या त्या गावाचा. नुनिवाकवरच्या मेकोर्युक गावाने आपला नमुना घेतला तो हस्तिदंती हार्पूनच्या एका टोकावरून, बाराशे वर्षांपूर्वीच्या. शिकाऱ्याचं हत्यार आता बायकांच्या सुयांवर उतरतं, याची मला मोठी गंमत वाटते.

सभासद बहुतेक युपिक आणि इनुपियाक बाया. किती विणायचं ते जिचं तिने ठरवायचं. उन्हाळ्यात सामन मासे नदीत शिरले की सुया खुशाल बाजूला पडतात. मासे कापायचे, वाळत घालायचे, मग बेरी वेचायच्या. गळपट्टा कधी देणार, असं अँकरेजहून कुणी विचारत नाही.