सुट्टीतली मुले आणि पाव गुंठा परसबाग

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात उभे राहिले की खते, बियाणे आणि औषधे यांवर बोलावे असा आपल्याकडे प्रघात आहे. आज मी थोडे वेगळे बोलणार आहे. आपल्या घरातल्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींविषयी आणि घरामागच्या परसबागेविषयी.

परीक्षा संपते, सुट्टी लागते. बाहेर ऊन मी म्हणत असते, विहिरीने तळ गाठलेला असतो. पोरगे सकाळी नऊपर्यंत अंथरुणात, आणि उठले की हातात मोबाईल. आई म्हणते, "जरा झाडांना पाणी घाल." ते "घालतो" म्हणते आणि विसरते. संध्याकाळी बाप शेतावरून येतो, सुकलेली रोपे पाहतो आणि चिडतो. मग ताटावर कोणी कोणाशी बोलत नाही. हे चित्र माझ्या घरचे आहे. थोड्याफार फरकाने आपल्याही घरचे असेल.

माझी स्वतःची चूक

कृषी विस्ताराच्या कामात माझे आयुष्य गेले. या कामातला पहिला धडा असा, की प्रात्यक्षिक घ्यायचे ते शेतकऱ्याच्या शेतावर आणि शेतकऱ्याच्याच हातून. आपण त्याच्या हातातले खुरपे काढून घेतले, तर पीक चांगले येईल, पण शेतकरी काही शिकणार नाही. हे मी गावोगाव सांगत फिरलो आणि घरी नेमके उलटे वागलो.

थोरला मुलगा नववीत असताना एका एप्रिलमध्ये त्याने आपण होऊन परसात काकडी लावली. आळी वेडीवाकडी होती, एकेका आळ्यात आठ-दहा बिया टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी ती सगळी उकरली, दोरी लावून सरळ ओळीत नवी आळी केली आणि प्रत्येकात मोजून चार बिया टोचल्या. काकडी उत्तम आली. मुलगा मात्र त्यानंतर परसात फिरकला नाही. मी त्याला आळशी म्हणत राहिलो. पुढे नोकरीला लागल्यावर एकदा तो सहज बोलून गेला, "अण्णा, बाग तुमची होती. आम्ही तिथे रोजाने होतो."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. धाकटी मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि त्याच सुट्टीत माझा पुतण्याही आमच्याकडे राहायला आला, तेव्हा ठरवले की या वेळी खुरपे आपण हातात घ्यायचे नाही.

जागा किती द्यावी?

फार मोठी जागा देऊ नये. पाव गुंठा पुरे. पाव गुंठा म्हणजे साधारण 25 चौरस मीटर, अंदाजे साडेसोळा फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा. कारण पाण्याचे आहे, आणि तो हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यातल्या उन्हात वाढलेल्या भाजीला दिवसाला 6 ते 8 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर पाव गुंठ्याला रोज 150 ते 200 लिटर पाणी हवे. पंधरा लिटरच्या बादलीने 10 ते 13 बादल्या होतात. आमच्या दोघांनी हे गणित वहीत मांडले, हौदाकडे पाहिले आणि आपण होऊनच निम्मी जागा कमी केली. मी सांगितले असते तर वाद झाला असता. बादल्यांनी सांगितले ते पटले.

थोड्या पाण्यात बाग कशी जगवावी?

1) पाणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा भल्या पहाटे द्यावे. भर दुपारी दिलेले पाणी बरेचसे उडून जाते.

2) उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळलेला पालापाचोळा यांचे दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन करावे. जमीन तापत नाही, ओल टिकते, तणही कमी उगवते. वाळवी असेल तर आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये.

3) वेलवर्गीय भाज्यांसाठी मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, भोवती चार वेल लावावेत, मडके पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. पाझरणारे पाणी थेट मुळांना मिळते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरात पाणी गार न करणारे जुने मडके या कामी येत नाही, कारण क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात. मडके भरून ठेवावे. तासाभराने ते बाहेरून ओलसर लागले तर कामाचे समजावे. ही परीक्षा मुलांना करू द्यावी.

4) मोरीचे पाणी केळी, अळू, नारळ यांना सोडावे. साबण-सोड्याचे पाणी पालेभाज्यांना देऊ नये. कोथिंबिरीसारखे जे आपण कच्चे खातो, त्याला तर मुळीच नको.

5) कोवळ्या रोपांवर दुपारच्या उन्हासाठी तुराट्यांचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा करावा.

काय लावावे?

उन्हाळी भेंडी, गवार, काकडी यांचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो. मुलांना सवड मिळते एप्रिलमध्ये. म्हणून लवकर हाती येणारे पीक आधी घ्यावे. माठ, राजगिरा, चवळई या पालेभाज्या पेरल्यापासून 25 ते 30 दिवसांत काढणीला येतात. या वयाच्या मुलांना फळ लवकर दिसावे लागते. महिन्याच्या आत आपल्या हातची भाजी ताटात आली की पुढचे सांगावे लागत नाही.

पाणी असेल तर जोडीला गवारीच्या दोन ओळी घालाव्यात. पुसा नवबहार हा वाण उन्हाळ्यात चांगला येतो. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून, दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत अर्धा फूट अंतर ठेवून टोकावे. गवार आणि भेंडीची पहिली तोडणी साधारण दीड महिन्याने सुरू होते. सुट्टी संपता संपता घरात भाजी असते. कढीपत्ता, लिंबू, शेवगा ही झाडे मात्र उन्हाळ्यात लावू नयेत. खड्डे आता खणून उन्हात तापू द्यावेत आणि लागवड पावसाळा सुरू झाल्यावर करावी.

सल्ला एकदाच द्यावा

सगळ्यांत अवघड गोष्ट हीच आहे. मुलीने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भेंडी लावायची ठरवली. मी तिला एकदाच सांगितले, "आता उशीर झाला आहे. उन्हात पांढरी माशी वाढते, केवडा येईल." ती म्हणाली, "बघू या ना." मी तोंड मिटले. बंधूंनो, मला ते फार जड गेले.

केवडा आला. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, मग सगळे पानच पिवळे दिसू लागले. एका संध्याकाळी पोरगी वाफ्याच्या कडेला बसून राहिली. "तरी मी सांगत होतो" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मुलांच्या आईने डोळ्यांनीच मला गप्प केले. थोड्या वेळाने पोरगीच उठून आली आणि विचारू लागली, हा रोग झाडाझाडांत पसरतो कसा? मग आम्ही पान उलटे करून पांढरी माशी पाहिली. ही माशी रोगट झाडाचा रस शोषते आणि निरोगी झाडावर बसून रोग लावते, हे तिला समजले. रोगट झाडे उपटून नष्ट करायचे तिनेच ठरवले. चाळीस झाडांतली सतरा उपटली. उरलेल्यांवर दोघांनी निंबोळी अर्क फवारला. वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा मिसळायचा आणि संध्याकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूने फवारायचे. निंबोळ्या गेल्या वर्षीच्या जपून ठेवलेल्या होत्या. नव्या निंबोळ्या साधारण जून-जुलैत पडतात, तेव्हा मुलांनाच वेचायला पाठवावे.

ती सतरा झाडे गेली, पण केवडा म्हणजे काय हे ती आता जन्मात विसरणार नाही.

वही, पैसा आणि वाटणी

मुलांना एक वही द्यावी. बी कोणत्या तारखेला पेरले, किती पाणी दिले, काय खर्च झाला, किती भाजी निघाली हे त्यांनीच लिहावे. घरात वापरलेल्या भाजीचा बाजारभावाने हिशोब धरावा आणि ती रक्कम खरोखर मुलांच्या हाती द्यावी. तो पैसा कशाला खर्च करतात हे विचारू नये. आमच्या पुतण्याने क्रिकेटचा चेंडू आणला. त्याच्या कष्टाचा होता, आणू द्यावा.

भगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना एक विनंती आहे. परसबाग म्हणजे मुलीच्या वाट्याला आणखी एक काम, असे होऊ देऊ नका. स्वयंपाक, भांडी, पाणी भरणे हे मुलीकडे आणि त्यावर बागही, तर ती बाग तिला नकोशीच होईल. मुलगी वाफ्यात असेल तेव्हा मुलाने भांडी घासावीत. आमच्याकडे पहिले चार दिवस पुतण्याने कुरकुर केली, पाचव्या दिवशी थांबवली.

या गोष्टींत मात्र मोकळीक नको

निर्णय मुलांचे असले तरी तीन बाबतींत आपला शब्द शेवटचा असावा.

पहिली, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत उन्हात काम नाही. डोक्याला रुमाल आणि जवळ पिण्याचे पाणी असलेच पाहिजे.

दुसरी, कीटकनाशके कुलपात असावीत. मुलांच्या हातून रासायनिक औषध फवारून घेऊ नये. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

तिसरी, विहीर आणि शेततळे. उन्हाळ्यात मुले पोहायला जाणारच. पण शेततळ्याचे प्लास्टिकचे अस्तर शेवाळाने निसरडे होते. चांगल्या पोहणाऱ्यालाही त्यावर पाय रोवून वर येता येत नाही. शेततळ्यात पोहण्यास सक्त मनाई करावी, भोवती कुंपण घालावे, आणि चारही बाजूंना पक्का बांधलेला गाठींचा दोर पाण्यात सोडून ठेवावा. हे काम मेळाव्यातून घरी गेल्यावर आजच करावे, उद्यावर टाकू नये.

शेवटी दोन शब्द

कोणी विचारील, एवढे करून मुलगी शेती करणार आहे का? मला माहीत नाही. ती तिला हवे ते शिकेल. परसबाग मुलांना शेतीत अडकवून ठेवण्यासाठी नाही. घरातल्या एका गोष्टीवर आपला शब्द चालतो, चूक झाली तरी घरचे आपल्याला मोडीत काढत नाहीत, हे मुलांना या वयात कळावे यासाठी ती आहे. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस जवळ येतो तेव्हा मुले मनातून फार भेदरलेली असतात. त्या वेळी घरात निकाल सोडून बोलायला आणखी काही असावे. आमच्याकडे आधी पुढ्यात आले की "अभ्यास, मार्क" एवढेच बोलणे होई. त्या सुट्टीत गवारीवरचा मावा आणि मडक्यातले पाणी यांवर जेवताना तासतास बोलणे झाले. निकालाच्या आदल्या रात्री पोरीने भीती वाटते असे मला आपण होऊन सांगितले. थोरल्याने त्याच्या वेळी तसे काही सांगितले नव्हते.

मे महिन्यात थोरला दोन दिवसांसाठी घरी आला होता. बहिणीने त्याला वाफा दाखवला, वही दाखवली. उपटलेल्या भेंडीची मोकळी जागा पाहून त्याने विचारले, "हे कोणी ठरवलं?" ती म्हणाली, "मी." त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. बोलला काही नाही. संध्याकाळी मी परसात गेलो तेव्हा तो बादली घेऊन मडकी भरत होता.

बंधू-भगिनींनो, शाळा उघडायला अजून अवकाश आहे. घरी जाऊन परसातली थोडी जागा आखा, मुलांच्या स्वाधीन करा आणि चार पावले मागे सरून उभे राहा. ओळी वाकड्या आल्या तर येऊ द्या.