चांदमारीवरची सकाळ

बंदुकीचं नाव काढलं, की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, शिकार नाहीतर लढाई. श्रोतेहो, कुणालाही न मारता बंदूक चालवण्याचा एक तिसरा प्रकार आहे, आणि त्यात दोन मित्रांची अख्खी सकाळ कशी निघून जाते ते कळत नाही.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. राष्ट्रीय छात्रसेनेचं काम अंगावर आलं, तेव्हा पोरांबरोबर पॉइंट २२ची रायफल हाती आली. पंचवीस मीटरवर माझा नेम बरा बसे, आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला होता. माझा एक बालमित्र फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी आला आहे. त्याच्याजवळ परवान्याची पॉइंट ३१५ची रायफल आहे. तो म्हणाला, "पंचवीस मीटर म्हणजे अंगणातली गोटी रे! तीनशेवर ये, मग बघू."

गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी जुनी चांदमारी आहे. रीतसर परवानगी काढून एका रविवारी उजाडता उजाडता आम्ही तिथे गेलो. लाल बावटा लावला. टेकडीच्या मातीपुढे फळी उभी करून तिच्यावर परातीएवढा काळा गोल चिकटवला. तीनशे मीटर मोजून मागे आलो, तो ती परात पाटीवरच्या टिंबाएवढी झाली! पैज भज्यांच्या एका प्लेटची. काडतुसं मोजकीच, प्रत्येकी पाच. ती महागही असतात आणि परवान्यावर त्यांचा हिशेब द्यावा लागतो.

गोळी नाकासमोर सरळ जाते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. तीनशे मीटर जायला आमच्या रायफलीच्या गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात हातातून सोडलेला दगडसुद्धा सुमारे ४ फूट खाली येतो. म्हणून अंतर वाढलं की मागची पट्टी चढवून नळीचं तोंड किंचित वर करायचं. हे गणित पुस्तकी आहे, ते मला जमलं. जमला नाही तो वारा. माझ्या तिन्ही गोळ्या गोलाच्या डाव्या अंगाला वीतभर गेल्या. दुर्बिणीतून पाहून सुभेदार गप्प. मी म्हणालो, "तुझ्या रायफलीची माशी वाकडी आहे." वर्गात नापास झालेला मुलगाही प्रश्नपत्रिकेलाच दोष देतो.

"माशी सरळ आहे. वाटेतलं गवत बघ," तो म्हणाला.

मी पाहिलं. आमच्या जागी पान हलत नव्हतं. पण मैदानाच्या मध्यावर कुसळं डावीकडे लवत होती. चौथी गोळी मी उजवीकडे धरून सोडली, आणि ती काळ्यात बसली. काय आनंद झाला म्हणून सांगू! पाचवं काडतूस भरलं. दस्ता खांद्यात घट्ट, अर्धा श्वास सोडून रोखलेला, बोट चापावर. जगात तो काळा ठिपका आणि ती माशी, याखेरीज काही उरलं नव्हतं.

"थांब!"

बोट जागच्या जागी थिजलं. मी डोळा वर केला. टेकडीच्या उजव्या बगलेने दोन शेळ्या उतरत होत्या, आणि त्यांच्यामागे आठ-नऊ वर्षांचा पोरगा. बावटा त्याने पाहिला नसेल, किंवा पाहूनही त्याला त्याचा अर्थ कुणी सांगितला नसेल. पॉइंट २२ची चिमुकली गोळीसुद्धा किलोमीटरभराच्या पुढे जाते. ही तर तिच्याहून कितीतरी भारी.

१८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला होता. आयर्लंडच्या मिल्नर नावाच्या नेमबाजाने गोळी अगदी मधोमध मारली. पण शेजारच्या फळीवर! गुण शून्य. आयर्लंड ९३१ विरुद्ध ९३४ असे हरले. हा किस्सा मी पूर्वी हसत हसत सांगत असे. माशीतून पाहणाऱ्याला शेजारचं काही दिसत नाही, हे त्या सकाळी मला माझ्याच अंगावर कळलं. दुर्बीण घेऊन शेजारी बसलेला माणूस केवळ गुण मोजायला नसतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून खेड्यापाड्यांतली पोरं नेमबाजीविषयी विचारतात. शिक्षक मंडळींनी त्यांना जवळच्या रीतसर केंद्रावर जरूर न्यावं. मात्र पहिल्या दिवशी बंदूक हाती न देता दुर्बीण द्यावी, असं माझं मत आहे.

सुभेदाराने रायफल रिकामी केली आणि पोराला हाक मारली. पोरगं घाबरलं होतं. त्याला बावटा दाखवला, फळीही दाखवली. भोकं मोजून तो म्हणाला, "चारच?"

पाचवं काडतूस तसंच परत आलं. भज्यांचे पैसे मी दिले. प्लेटी मात्र तीन मागवाव्या लागल्या.