हप्त्याला पूर कळत नाही

(मिरजगाव येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मिरजगाव माझं आजोळ. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांसाठी लागणाऱ्या प्रणाली लिहितो. म्हणजे तुमच्या मोबाईलवर 'हप्ता बाउन्स झाला' असा मेसेज येतो ना, त्याच्या मागे माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असतो. त्यामुळे तुमच्या शिव्या आधीच माझ्यापर्यंत पोहोचल्या आहेत असं समजा.

माझ्या मामेभावाची परवानगी घेऊन त्याचीच गोष्ट सांगतो. तो पिकअप चालवतो. सीझनला लिंबू, कांदा, एरवी काष्टीच्या बाजाराची शेळ्यामेंढ्यांची भाडी. सहा लाखांचं कर्ज, चौदा टक्के व्याज, ४८ हप्ते. महिन्याला १६,३९६ रुपये, दर सात तारखेला. बारा हप्ते त्याने एकदाही न चुकता भरले.

सप्टेंबरात सीनेला काय पाणी आलं ते तुम्हाला मी सांगायला नको. निमगाव गांगर्ड्याच्या धरणापासून खाली करमाळा, माढा, मोहोळपर्यंत शेतं पाण्याखाली गेली. लांबोटीला तर सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. भावाच्या गाडीला एक ओरखडाही आला नाही. पण शेतातला माल सडला, बाजार बसले, भाडी थांबली. ऑक्टोबरचा हप्ता बाउन्स झाला, नोव्हेंबरचाही. मी फोन केला तेव्हा म्हणाला, "भाईजान, गाडी खडी है, हप्ता खडा नहीं रहता." गाडी त्याने सासुरवाडीला नेऊन लावली होती. वसुलीवाल्यांच्या भीतीने.

आता सरकारी मदतीकडे बघा. ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पिकाला हेक्टरी मदत, खरडून गेलेल्या जमिनीला मदत, विहिरीला, दुभत्या जनावराला, कोंबडीला, पडलेल्या घराला, पाणी शिरलेल्या दुकानाला. सोबत सहकारी कर्जाचं पुनर्गठन आणि शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती. शेतकऱ्याला हे मिळालंच पाहिजे, आणि वेळेवर मिळालं पाहिजे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या भावाकडे सातबारा नाही. आजोबांच्या काळातच नव्हता. या बैठकीत किती जणांच्या नावावर जमीन आहे? हात वर करा. मोजले तर एका हाताची बोटं पुरतील. आपली पोरं गॅरेजवर, टेम्पोवर, रिक्षावर, अंड्या-फळांच्या गाडीवर. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा तो शेत बघतो, घर बघतो, गोठा बघतो. आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा चढलेली, भाडं नसलेली गाडी बघण्यासाठी त्याच्याकडे रकानाच नाही. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या निकषांत मच्छीमाराची होडी आहे, कारागिराची अवजारं आहेत. पोटापाण्याचा टेम्पो नाही.

मग वाहनकर्जाला सवलत देताच येत नाही का? येते, आणि हे मी आतून पाहिलं आहे. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कोविडसाठी हप्ते थांबवायची परवानगी दिली. आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. बँकांना आणि वाहनकर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांनाही. त्या दिवसांत आम्ही रात्र-रात्र बसून प्रणालीत ती सोय घातली. जी गोष्ट एरवी 'सिस्टीममध्ये होत नाही' म्हणून सांगतात, ती काही दिवसांत झाली. काही ठिकाणी ग्राहकाने मागितली तर सवलत, काही ठिकाणी नको म्हटलं नाही तर सवलत. आमच्यासाठी तो एका खुणेचा फरक होता. ज्याला मेसेज वाचता आला नाही, त्याच्यासाठी तो अख्ख्या हप्त्याचा फरक होता.

अमेरिकेत मोठं चक्रीवादळ आलं की टोयोटा, फोर्ड यांच्या फायनान्स कंपन्या स्वतः निवेदन काढतात: अडचणीत असाल तर फोन करा, हप्ता पुढे ढकलू. त्या फार दयाळू आहेत म्हणून नव्हे. ओढून आणलेली गाडी लिलावात कवडीमोल जाते, त्यापेक्षा थांबणं त्यांना परवडतं. हा हिशेब आपल्याकडच्या कंपन्यांनाही कळतो. पण मागणारा समोर उभा राहिल्याशिवाय कोणी खूण करत नाही.

आपल्याकडे नियम काय आहे? नैसर्गिक आपत्तीत कर्जदारांना कशी सवलत द्यायची याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत आणि २०१६ मध्ये त्या बिगरबँक कंपन्यांसाठीही आल्या. राज्यस्तरीय बँकर्स समितीची किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा सल्लागार समितीची बैठक होते. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर पीककर्जाची फेररचना करता येते. त्याच सूचनांत पुढे असं आहे की जोडधंदे, ग्रामीण कारागीर, व्यापारी, लघुउद्योग यांच्या कर्जांनाही सरसकट मुदत वाढवून द्यायची का, ते समितीने ठरवायचं; तसं ठरलं तर प्रत्येक प्रकरण पाहून कंपनीने निर्णय घ्यायचा. फेररचना आपत्तीनंतर तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा आहे. पुराला दोन महिने झाले. उरला एक.

त्या बैठकीत शेतकऱ्याचा विषय निघतोच, निघायलाही हवा. पिकअपवाल्याचा विषय काढणारा कोणी तिथे असतो का? म्हणून गावातल्या वाहनवाल्यांनी एकेकट्याने नाही, एकत्र निवेदन द्यायचं. एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाला. आपल्या जिल्ह्यात अग्रणी बँक म्हणजे सेंट्रल बँक. त्यात हिंदू, मुस्लिम, सगळेच वाहनवाले असू द्या. सीनेने घर विचारून पाणी सोडलं नव्हतं. आणि उद्यम नोंदणी करून घ्या. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते, एजंटला पाचशे रुपये देऊ नका. मालवाहतूक करणारा हा सूक्ष्म उद्योजकच आहे, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

पण सवलत म्हणजे माफी नव्हे. इथे अनेकांची फसगत होते, म्हणून आकडे नीट ऐका. बारा हप्ते भरल्यावर भावाची बाकी साधारण ४ लाख ८० हजार होती. तीन महिने थांबलो तरी व्याज चालू राहतं आणि बाकी जवळपास ४ लाख ९७ हजारांवर जाते. हप्ता तेवढाच ठेवला तर ३६ ऐवजी सुमारे साडेसदतीस हप्ते भरावे लागतात. म्हणजे तीन महिन्यांच्या श्वासाची किंमत साधारण २६ हजार रुपये. ज्याच्या घरात पैसा आहे त्याने सवलत घेऊ नये, हप्ता भरावा. ज्याच्याकडे नाही त्याने न सांगता हप्ता बुडवण्यापेक्षा लेखी सवलत मागावी. न सांगता बुडवलं तर बाउन्सचा दंड, खराब सिबिल आणि शेवटी गाडीही जाते.

कोविडच्या वेळी व्याजावर व्याज लावायचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०२१ मध्ये त्या काळापुरतं ते लावू नये असा निकाल आला. पुराच्या सवलतीत असं काही आपोआप होत नाही. म्हणून कंपनीकडून नवं परतफेडीचं वेळापत्रक लेखी घ्या. तोंडी 'हो हो, बघतो' याला काही किंमत नाही.

वसुलीबद्दल थोडक्यात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर एजंटने फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. गाडी उचलण्याआधी नोटीस, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी, हे करारात असायलाच हवं. गुंड पाठवून गाडी ओढायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलं आहे. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टाळाटाळ केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी नंबर १४४४८.

आता जरा घरातलं बोलतो. भावाने दोन महिने कोणालाच का सांगितलं नाही? मामूंनी कर्ज काढू दिलं नव्हतं. व्याज हराम आहे, यावरून घरात वाद झाला होता. भावाने गुपचूप सही केली. मग हप्ता थकला तेव्हा कोणत्या तोंडाने सांगणार? व्याजाबद्दल ज्याची जी श्रद्धा आहे ती त्याने जपावी, मी त्यात पडत नाही. पण बिनव्याजी सहा लाख देणारं या गावात कोणी नाही, हे मामूंनाही माहीत होतं. कर्ज काढलेल्या पोराला आपण गुन्हेगारासारखं वागवलं, तर तो कंपनीलाही तोंड दाखवत नाही आणि आपल्यालाही नाही. शेवटी भाभींनी बांगड्या काढून दिल्या तेव्हा घरात कळलं. बांगड्या मी परत द्यायला लावल्या. आधी अर्ज, मग बांगड्या.

अर्जाचा मराठी नमुना आणला आहे, एका पानाचा. कर्ज खाते क्रमांक, गाडीचा नंबर, किती हप्ते वेळेवर भरले, पुरानंतर किती भाडी बुडाली, किती महिने सवलत हवी. सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि ज्यांचा माल वाहता त्यांचं पत्र जोडा. स्पीड पोस्टाने पाठवा, ई-मेलही करा, पावती जपून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज या मैत्रिणी लिहून देतील. भाऊ मागे बसला आहे. पहिला अर्ज त्याचा. चहा होईपर्यंत बाकीच्यांनी आरसी बुकं काढा.