वटावाचा दर आणि उद्याचे पाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पर्यावरण व नैसर्गिक साधनसंपत्तीचे अर्थशास्त्र हा विषय आज अनेक विद्यापीठांच्या एम.ए.च्या वर्गात शिकविला जातो. चळवळीतील मंडळींना त्याचे वावडे आहे. निसर्गाची किंमत करणे म्हणजे तो विक्रीस काढणे, हा एक आक्षेप. सगळे गणितच आहे, त्यात माणूस कोठे दिसत नाही, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि धरणग्रस्तांची किंवा जंगलातील गावांची बाजू घेऊन कार्यकर्ता सुनावणीला उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर लाभ-व्ययाचा जो तक्ता टाकला जातो, तो याच विषयाच्या वर्गात शिकून आलेल्या माणसाने केलेला असतो. ज्याला तो तक्ता वाचता येत नाही त्याची हरकत ‘भावनिक’ म्हणून नोंदली जाते आणि फाईल पुढे सरकते.

विषयाचा पाया जुना आहे. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे जे नुकसान होते ते मालकाच्या हिशेबात येत नाही, म्हणून त्याच्यावर तेवढा कर बसवावा, हा विचार पिगू यांनी १९२० साली मांडला. १९५० मध्ये के. विल्यम कॅप यांनी त्यापुढे जाऊन दाखविले की, आपला खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे हा खाजगी उद्योगाचा अपवाद नसून त्याची रीतच आहे. विद्यार्थ्याला पिगू पहिल्याच आठवड्यात भेटतात. कॅप बहुधा भेटतच नाहीत. १९६० सालच्या कोस यांच्या निबंधाचेही असेच झाले आहे. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना काही खर्च येत नसेल, तर उभय पक्ष आपसांत तोडगा काढतील, एवढे पाठ केले जाते. वाटाघाटींना खर्च येतोच, हे कोस यांनीच बजावले होते. ते मात्र सोयीस्करपणे गाळले जाते.

पण या विषयाचे खरे मर्म वटावाच्या दरात आहे आणि कार्यकर्त्यांनी निदान एवढे तरी नीट समजून घेतलेच पाहिजे. समजा, एखाद्या प्रकल्पामुळे पन्नास वर्षांनी शंभर रुपयांचे नुकसान व्हावयाचे आहे. वटावाचा दर दहा टक्के धरला, तर त्या नुकसानीची आजची किंमत भरते सुमारे ८५ पैसे. दर १.४ टक्के धरला, तर तीच किंमत सुमारे ५० रुपये होते. नुकसान तेच, जमीन तीच, तिच्यावर जगणारी नातवंडेही तीच. बदलला तो केवळ तक्त्याच्या तळटीपेतील एक आकडा. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ साली हवामानबदलाचा जो अहवाल दिला, त्यात सुमारे १.४ टक्क्यांचा दर होता, तर विल्यम नॉर्डहाऊस यांनी तो फारच कमी असल्याची टीका केली. जगातील धुरंधरांचा हा वाद पृथ्वी किती तापणार याविषयी फारसा नव्हता; उद्याच्या माणसाला आज किती मोजावयाचे याविषयी होता. हा प्रश्न नीतीचा आहे हे फ्रँक रॅम्सी यांनी १९२८ मध्येच ओळखले होते. पुढच्या पिढीचे सुख केवळ ते पुढचे आहे म्हणून कमी लेखणे त्यांना असमर्थनीय वाटले.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. कमी दर म्हणजे पुरोगामी आणि जास्त दर म्हणजे भांडवलदारी, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. उद्याची पिढी आजच्यापेक्षा संपन्न असेल, तर तिच्यासाठी आजच्या उपाशी माणसाने पोटाला चिमटा घ्यावा, हाही अन्यायच. म्हणून दर किती, यापेक्षा तो कोणी ठरवला, कोणाला विचारून ठरवला आणि नुकसान सोसणारा कोण, हे प्रश्न आधी विचारावे लागतात. पाठ्यपुस्तकात ते प्रकरणाच्या शेवटी येतात, आणि परीक्षेला प्रकरणाचा शेवट क्वचितच येतो.

किंमत ठरविण्याच्या पद्धतींबाबतही हेच. माणूस एखाद्या गोष्टीसाठी किती पैसे मोजावयास तयार आहे, यावरून तिचे मूल्य काढतात. पण तयारी खिशाप्रमाणे असते. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे डिसेंबर १९९१ चे एक टिपण बाहेर फुटले. प्रदूषण करणारे उद्योग कमी मजुरीच्या देशांत नेणे आर्थिक तर्कास धरूनच आहे, असा त्यातील युक्तिवाद होता. ते टिपण उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा पुढे झाला. तरी युक्तिवादाची प्रत्येक पायरी पुस्तकातलीच होती, हे विसरता येत नाही. आपल्याकडे कांचन चोप्रा समितीच्या २००६ च्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वनजमिनीचे दर ठरविले : जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये. फुकट जाणाऱ्या जंगलाला किंमत आली, हे पाऊल पुढचेच म्हणावयास हवे. पण हा पैसा जातो वनीकरणाच्या निधीत. मोहाची फुले आणि तेंदूपाने गमावणाऱ्या बाईच्या हातात त्यातले काय पडते, हा रकानाच तक्त्यात नाही.

खनिजांच्या बाबतीत गोव्याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. खाणीतून लोखंड एकदाच निघते, म्हणून त्याचे उत्पन्न खर्चून न टाकता त्याचे भांडवल करावे, हे शास्त्रातील सूत्र. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील उत्खननाला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. वर्गात फळ्यावर राहिलेले सूत्र लोकांच्या लढ्याने न्यायालयात नेले.

सामाईक साधनसंपत्तीचा विनाश अटळ आहे, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये लिहिले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष गावे पाहून ते खोडून काढले. १९९० साली त्यांचे पुस्तक आले, २००९ मध्ये नोबेल मिळाले. परंतु पुरंदर तालुक्यातील नायगावाला त्याचा पुरावा त्याआधीच मिळाला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे तर माणसांच्या संख्येने : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. साधनसंपत्तीच्या वाटपाचा याहून स्वच्छ धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

हा अभ्यास मराठी मुलखाला परका नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. तोपर्यंत सरकार कालव्याचा नफा केवळ पाणीपट्टीत मोजत असे. गाडगीळांनी तो शेतात, मजुरीत, बाजारात जाऊन मोजला. आज त्याच कालव्यांवर पुन्हा तशी पाहणी करावयाची झाली, तर चोपण झालेल्या जमिनींचा, खोल गेलेल्या विहिरींचा, उसाने घेतलेल्या पाण्याचा आणि ऊसतोडणीला येणाऱ्या कुटुंबांचा असे चार रकाने नव्याने आखावे लागतील. प्रबंधासाठी विषय शोधत परदेशी नियतकालिके चाळणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी श्रीरामपूरपर्यंतचे एस.टी.चे तिकीट पुरेसे आहे.